एकशे एकेचाळीस मुखपृष्ठं

९ जून. शाळा सुरू व्हायला सहा दिवस आहेत. ग्रंथालयाची मोजणी संपली, कपाटांमागे औषध फवारून झालं. आता एकच काम उरलंय. देणगीत आलेल्या सत्तेचाळीस पुस्तकांच्या देणगीदाराची ओळख लिहून दारातल्या फळ्यावर लावायची आहे. मुख्याध्यापकांनी बजावलंय, "दहाच ओळी, बाई. मुलं त्यापुढे वाचत नाहीत." दुपारपासून बसले आहे आणि चौथ्या ओळीपुढे सरकत नाही. म्हणून आधी सगळंच लिहून काढते. दहा ओळींत काय बसवायचं ते मग बघू.

देणगीदार उभ्यानं वाचायचे. त्यांना बसून वाचताच येत नसे. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते आणि वाचनाची सवय लागली ती गाडीतच, डाव्या हातानं वरची दांडी धरून. निवृत्तीनंतर खुर्चीत बसून पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत पेंग यायची. मग बाल्कनीच्या ग्रिलला डाव्या हातानं धरायचं, उजव्या हातात पुस्तक घ्यायचं आणि अंगठ्यानं पान उलटायचं. गोष्ट रंगात आली की ते किंचित डुलायचे. गोष्टीत काही आदळलं, धडकलं की पाय जरा रुंद करून उभे राहायचे. आमच्या इमारतीत नव्या आलेल्या भाडेकरूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "समोरचे आजोबा दिवसभर ग्रिल धरून कुणाची वाट बघतात?"

सगळी इमारत त्यांना मुक्कामी चाचा म्हणायची. नोकरीत असताना त्यांच्याकडे बहुतेक मुक्कामी गाड्याच असत. संध्याकाळी नाशिकहून निघायचं, गावात रात्र काढायची, पहाटे तीच गाडी परत आणायची. कुणी दार वाजवून चाचांची चौकशी केली की चाची आतूनच सांगायच्या, "मुक्कामी गेलेत." पोरांना वाटलं हे नावच आहे. चाची गेल्या, चाचा निवृत्त झाले, तरी नाव राहिलं. मीही तेच म्हणायचे. माझा फ्लॅट त्यांच्या समोरचा, दारं एकमेकांकडे बघणारी.

मुक्कामाच्या गावी ड्रायव्हर जेवून झोपायचा. चाचा उरलेल्या उजेडात रद्दीवाला शोधायचे. नामपूर, सायखेडा, सटाणा, पेठ, जिथं गाडी थांबेल तिथं. त्यांना हवी असायची फक्त एक जात: जुन्या, खिशात मावणाऱ्या साहसकथा आणि विज्ञानकथा. समुद्राच्या तळाशी वसलेली शहरं, मंगळावरून आलेले हिरव्या कातडीचे पाहुणे, मेंदू बदलणारे डॉक्टर, दर वीस पानांनी बेशुद्ध पडणारी नायिका. एके काळी अशी पुस्तकं स्टँडवरच्या स्टॉलवर लटकत असत आणि प्रवास संपला की लोक ती सीटवर सोडून जात. चाचांनी तिथूनच सुरुवात केली. नामपूरला कांदा मार्केटच्या मागे एका दुकानदारानं त्यांना विचारलं होतं, "मास्तर, हाई काय कामनं शे?" चाचा म्हणाले, "कामाचं नाय म्हणूनच नेतोय." हा किस्सा त्यांनी मला किमान सहा वेळा सांगितला असेल.

ते या पुस्तकांवर प्रेम करत, पण भोळेपणानं नाही. त्यांच्याकडे प्रत्येक पुस्तकाविषयी कंडक्टरी आक्षेप असायचे. "मॅडम, एवढं मोठं यान, आत चौदा माणसं, आणि कंडक्टर नाय. दार कोण लावणार? घंटी कोण देणार? म्हणून तर आदळतं ते." कधी म्हणायचे, "मंगळावरचा माणूस बघा किती शुद्ध बोलतो. 'हे पृथ्वीवासी, आपण कोण?' आमच्या पिंपळगावच्या थांब्यावर कुणी इतकं नीट विचारलं असतं तर मी तिकीट फुकट दिलं असतं." मी हसायचे. मनात मात्र असायचं, की पोस्टमास्तरासारख्या सरळ हिशोबी दिसणाऱ्या माणसानं आयुष्य या कचऱ्यात घालवावं! मी शाळेची ग्रंथपाल. आमच्या ग्रंथालयात अशी एक कपाटभर पुस्तकं होती, ती मीच नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाद करून टाकली होती. हे मी चाचांना एकदा अभिमानानं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "कव्हरं होती त्यांना?"

"नाही हो. सगळी बाइंडिंग केलेली."

"मग ठीक हे," ते म्हणाले. त्यांना का हायसं वाटलं, ते मी विचारलं नाही.

खरं तर विचारायची गरजही नव्हती, कारण कव्हरांबद्दल त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं. चाचा येवल्याचे, घर पैठणी विणणाऱ्यांचं. वडील, दोन्ही भाऊ मागावर. हे एकटेच मागावर टिकले नाहीत. "मला एका जागी बसवत नाय, म्हणून अब्बांनी एस.टी.त घातलं," असं ते म्हणत. पण नजर मागाचीच होती. पुस्तकाचं कव्हर ते आधी हातभर लांब धरून बघत, मग नाकाजवळ आणून. कुठे लाल रंग ओठांवरून गालावर सरकलाय, कुठे छापणाऱ्यानं हिरवा संपला म्हणून निळ्यावर भागवलंय, हे बोट न लावता दाखवत. "साडी कुणीपण विणेल, मॅडम. पदर बघायचा असतो. हा पुस्तकाचा पदर हे." गोष्ट बरी असो की वाईट, पुस्तक ठेवायचं ते कव्हरासाठी. गोष्टी त्यांना पाठच होत्या. दुसऱ्या कुणाच्या घरी तेच पुस्तक बांधलेलं, कव्हर नसलेलं दिसलं तर ते हातातही घेत नसत.

कव्हराच्या आतल्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात ते एक ओळ लिहीत. गाव, दुकान, त्या दिवशीचं काहीतरी. "सायखेडा. पुलाजवळ. नदीला पाणी." किंवा "नामपूर. कांद्याचे भाव पडले, दुकानदार बोलला नाही." किंवा एका पुस्तकात नुसतं, "येवला. शबाना झाली." शबाना म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आतल्या पानावर का लिहीत नाही, असं मी विचारल्यावर ते जवळजवळ रागावले. "छापलेल्या पानावर आपण कसं लिहायचं? ते लेखकाचं." अशी एकशे एकेचाळीस पुस्तकं होती. त्यांतली बावीस एकाच मालेची, वरच्या कोपऱ्यात पिवळी पट्टी असलेली. पूर्ण बावीस दुसऱ्या कुणाकडे नाहीत, असं ते सांगत. मी मान डोलवत असे.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दोन्ही डोळ्यांत. वाचायला त्रास होत होता, पण त्यांची तक्रार वेगळीच होती. "अक्षर दिसतं हो, भिंगानं दिसतं. रंग नाय दिसत. सगळी कव्हरं चहा सांडल्यासारखी दिसतात. निळा तर गेलाच." शबाना येवल्याला दिलेली. तिनं तिकडेच ऑपरेशन ठरवलं, आधी एक डोळा, महिन्याभरानं दुसरा. तोवर चाचा तिच्याकडेच राहणार होते. याच काळात त्यांच्या वरच्या फ्लॅटची मोरी गळत होती आणि भिंत फोडून काम करायचं होतं. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी ते पुस्तकांच्या तीन पत्र्याच्या पेट्या ढकलत माझ्या दारात आले. प्रत्येक पुस्तक मिठाईच्या दुकानातल्या पातळ कागदात गुंडाळलेलं.

"दोन महिने ठेवाल का? फक्त कोरड्या जागी ठेवा. बाकी काही करू नका."

"अहो, निश्चिंत जा."

"डोळे नवे आले ना मॅडम, की आल्या आल्या एकेक कव्हर काढून बघणार. पहिल्यापासून. एकशे एकेचाळीस दिवस, रोज एक. मी ठरवून टाकलंय." आणि ते इतकं हसले, की मीही हसले.

हे सगळं मी ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

माझ्या घरात पेट्या ठेवायला जागा नव्हती. मी त्या शाळेत नेल्या. मे महिन्यात दरवर्षी आमच्याकडे दत्तू बाइंडर येतो आणि ग्रंथालयाच्या व्हरांड्यात आठ-दहा दिवस बसून वर्षभरात फाटलेली पुस्तकं बांधतो. आमच्याकडची पद्धत ठरलेली आहे. कव्हर काढायचं, पातळ पुस्तकं असतील तर तीन मिळून एक बांधायची, तिन्ही बाजूंनी कापून सरळ करायची, पुठ्ठा, वर रेक्झिन, आणि सतराव्या पानावर शाळेचा शिक्का. पुस्तक चोरीला गेलं तरी सतरावं पान बघून ओळखता येतं. वीस वर्षं मी हेच करत आले आहे. फाटकं, सुटं, पिनांना गंज चढलेलं पुस्तक बघितलं की माझे हात शिवशिवतात. चाचांच्या पेट्या उघडल्या आणि मला तेच दिसलं. गंज, सुटी पानं, कोपरे झिजलेले. वाटलं, म्हातारा नवे डोळे घेऊन येईल आणि ही लक्तरं बघेल. त्यापेक्षा त्याला घट्ट, नीटनेटकी पुस्तकं मिळू देत. खर्च माझा. भेट म्हणून.

हेतू चांगला होता, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. तेवढंच खरं नाही. ती पुस्तकं मला कमी दर्जाची वाटत होती आणि मी ती शिस्तीत आणणार होते, हेही त्यात होतं. आणि चाचा सगळ्या इमारतीला सांगत फिरतील की मॅडमनी केवढं केलं, हेही.

दत्तूनं मला विचारलं होतं. पहिलंच पुस्तक हातात घेऊन तो थांबला. "बाई, ही रंगीत कव्हरं काढू का? चित्रं झकास आहेत. म्हणाल तर आत बांधतो."

"आत कशाला? फाटकी आहेत. मागून पेन्सिलीनं लिहूनही ठेवलंय. काढून टाक."

दत्तू मैद्याची खळ तिथंच शिजवतो. व्हरांड्याच्या टोकाला तीन विटांची चूल, वर डबा, खळीत चिमूटभर मोरचूद म्हणजे कसर लागत नाही. चुलीला जळण म्हणून कापलेल्या कडा आणि निरुपयोगी कागद. एकशे एकेचाळीस कव्हरं त्या चुलीत गेली. त्याच कव्हरांवर शिजलेल्या खळीनं ती पुस्तकं बांधली गेली. मी त्या वेळी आत नोंदवही लिहीत होते. धूर आत आला म्हणून उठून खिडकी लावल्याचं आठवतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात चाचा आले. डोळ्यांवर काळा चष्मा, पण चाल एकदम तरुण. जिन्यातच ओरडले, "मॅडम, तुमच्या दाराचा रंग हिरवा हे! मी सात वर्षं काळा समजत होतो!" मी त्यांना घरात घेतलं. टेबलावर सत्तेचाळीस पुस्तकं रचून ठेवली होती, मरून रंगाचं रेक्झिन, सगळी एका उंचीची. वर एक हार टाकायचंही माझ्या मनात आलं होतं. नशीब, टाकला नाही.

चाचांनी चष्मा काढला. वरचं पुस्तक उचललं. पुठ्ठा उघडला. पहिलं पान, मग परत पुठ्ठा. मग ते खाली ठेवून दुसरं. तिसरं. चौथ्याला त्यांनी फक्त हात लावला. मी बोलतच होते, मजबुती, कसर, मोरचूद. ते सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "कव्हरं वेगळी ठेवली असतील."

"नाही हो. ती काय करायची? फाटली होती."

त्यांनी सतरावं पान उघडलं. शाळेचा जांभळा शिक्का. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "चला. आता चोरीला जायची भीती नाय." मग पुस्तक मिटून, "लय मेहनत केली तुम्ही." आणि दत्तूच्या बाइंडिंगचे पैसे विचारले. मी घेतले नाहीत. तेव्हाही मला काही कळलं नव्हतं. मला वाटलं, डोळ्यांना पाणी ऑपरेशनमुळे येतंय.

कळलं ते जानेवारीत. पुण्याहून एक तरुण आला, जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो काढून जमवणारा. कुठल्याशा रद्दीवाल्याकडून त्याला चाचांचं नाव कळलं होतं. पिवळ्या पट्टीची बावीसच्या बावीस नाशिकला आहेत, एवढ्या एका गोष्टीसाठी तो कॅमेरा, दिवे, काळं कापड घेऊन आला होता. चाचांच्या घरी बाईमाणूस नाही म्हणून चहा-फराळ मी नेला. मी दारातून आत गेले तेव्हा तो तरुण जमिनीवर बसला होता आणि मरून पुस्तकं एकेक उघडून बाजूला ठेवत होता. चेहरा असा, की घरात कुणी गेलंय.

"काका, हे कुणी केलं?"

मी चिवड्याची ताटली घेऊन उभी होते. चाचा ग्रिलपाशी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"मीच बांधून घेतली."

"तुम्ही? अहो, तुम्हाला माहीत नव्हतं? मजकूर कुठेही मिळतो. कव्हरं नाही मिळत! यांतल्या निम्म्यांची दुसरी प्रत अख्ख्या महाराष्ट्रात नाहीये!"

"म्हातारपणी बुद्धी फिरते, बेटा. वाटलं, मजबूत होतील."

"मजबूत!" तो ओरडला. मग माझ्याकडे वळून, साक्षीला घेतल्यासारखं म्हणाला, "तुम्ही सांगा ताई, आयुष्यभर जमवलं आणि स्वतःच्या हातानं मारून टाकलं. काय म्हणायचं याला?"

मी म्हटलं, "चहा घ्या, गार होईल."

इतकंच म्हटलं मी. वीस वर्षं मुलांना सांगत आले आहे, पुस्तक फाटलं तर येऊन सांगा, शिक्षा होणार नाही, लपवू नका. आणि मी चहा घ्या म्हटलं.

चार दिवसांनी जिन्यात चाचा भेटले. मी म्हटलं, "चाचा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"काय बोलणार होता? तुमची नोकरी हे. लायब्ररीवाली बाई कव्हरं जाळते, असं त्यानं कुठं छापलं तर तुमची शाळा काय म्हणेल? मी रिटायर माणूस. मला कोण सस्पेंड करणार?" मग स्वतःच्याच विनोदावर हसून ते म्हणाले, "गाडीत भांडण झालं ना मॅडम, तर गाडी थांबवायची नाय. थांबवली की भांडण वाढतं. डबल घंटी द्यायची, पुढं जायचं."

मला सुटल्यासारखं वाटलं. ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे, म्हणून ती स्वच्छ लिहिते. अपराध बोचण्याच्या आधी सुटका वाटली. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं आणि मी त्यातून पळाले.

त्यानंतर चाचा पुन्हा फिरायला लागले. ज्येष्ठांच्या सवलतीत, आठवड्यातून दोनदा, सकाळी कापडी पिशवी घेऊन. त्याच जुन्या गावांना. रद्दीची बरीच दुकानं बंद झालेली, जी आहेत तिथं पुठ्ठे आणि शाळेची गाईडं. मी भेटले की म्हणायचे, "उलटं झालं बघा. आधी कव्हर बघून पुस्तक घ्यायचो. आता पुस्तक घरी हे, कव्हर शोधतोय." सव्वा वर्षात चार मिळाली. एक सायखेड्याला एका पिठाच्या गिरणीच्या भिंतीला खळीनं चिकटवलेलं होतं, ते त्यांनी ओल्या फडक्यानं तासभर बसून सोडवलं. होय, बसून. मला ते दाखवायला आणलं तेव्हा म्हणाले, "निळा बघा. अजून हे." मी बघितलं. निळा होता. कव्हरं त्यांच्या पेटीत असताना एवढा निळा रंग मी कधी बघितला नव्हता. ते बाकीच्या एकशे सदतीस जागांबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

त्या तरुणानं गेल्या दिवाळीला एका अंकात लेख लिहिला. त्यात पानभर चाचा आहेत. नावानिशी. आपला अमूल्य ठेवा अज्ञानापोटी आपल्याच हातानं नष्ट करणारा संग्राहक, असं. लेख चांगला आहे. वाचणाऱ्याला चीडही येते आणि कीवही येते. चाचांनी मला तो दाखवला नाही. मी वाचला होता आणि मीही दाखवला नाही.

मार्चमध्ये येवल्याला चाचा गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी मातीला जाऊन आले. मे महिन्यात शबाना पुस्तकं घेऊन शाळेत आली. अब्बांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, पुस्तकं मॅडमच्या शाळेत द्या, शिक्का त्यांचाच आहे. ती चाळिशीची, शिवणाचे क्लास घेणारी, बोलायला अगदी चाचांसारखी. जाताना तिनं पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. दिवाळी अंकातलं ते पान.

"मॅडम, फळ्यावर अब्बांची माहिती लावणार ना? मग हेच लावा. छापून आलंय, नाव पण हे." मग हसून, "अब्बांचं काय सांगू तुम्हाला! डोळे आले आणि अक्कल गेली, असं आम्ही म्हणायचो. तुम्हाला जाताना सांगून गेले ना, बांधून ठेवा म्हणून? तुम्ही बिचाऱ्या पदरचे पैसे घालून बांधलीत. लय उपकार तुमचे."

तो कागद आता माझ्यासमोर आहे. त्याच्या शेजारी माझ्या चार ओळी. चौथी ओळ आहे, "आपला संग्रह त्यांनी बांधून घेतला आणि". त्यापुढे मला दुपारपासून काही लिहिता आलेलं नाही, कारण ओळ तिथंच खोटी आहे.

१० जून. सकाळी सात वाजता शबानाला फोन केला. प्रस्तावना केली नाही, केली असती तर परत चहावर घसरले असते. म्हटलं, तुझ्या अब्बांनी पुस्तकं बांधायला सांगितली नव्हती. काही करू नका, असं सांगितलं होतं. कव्हरं मी काढायला लावली आणि जाळली. पुण्याच्या माणसासमोर त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली, मी तिथं होते आणि गप्प राहिले.

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं.

"मॅडम," ती म्हणाली, "मी त्यांना बोलले हो त्यावरून. पाहुण्यांसमोर बोलले. दोन्ही ईदेला बोलले. ते नुसते हसायचे." मग आणखी काही म्हणणार होती, पण फोन बंद झाला. तिनंच केला.

पुण्याच्या तरुणाला सविस्तर पत्र लिहिलं, माझ्या नावानं आणि हुद्द्यानं, आणि छापायला परवानगी आहे असं खाली स्पष्ट लिहिलं. ते टपालात टाकलं. मुख्याध्यापकांना निरोप ठेवला की फळ्याच्या ओळी आज मिळणार नाहीत, आणि त्या मिळतील तेव्हा त्यांना आधी माझ्याशी बोलावं लागेल.

फोनवर सांगायची ती गोष्टच नव्हती. हे मला फोन ठेवल्यावर कळलं. स्टँडवर जाऊन सव्वानऊची येवल्याची गाडी धरली.